मागून लावलेली कारणं

कोडेबाईंना गप्प बसवलं की त्यांचं काम बिघडतं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांना ते जरा उशिरा कळलं. कळेपर्यंत त्यांच्या चांगल्या फळ्या आणि पात्यांचं एक अख्खं पाकीट वाया गेलं होतं.

कारखाना म्हणायचा एवढंच. पत्र्याच्या छपराची लांबट खोली, दाराशी लाकडी फळ्यांची थप्पी, मधे यंत्रं आणि शेवटच्या खिडकीपाशी पॅकिंगचं टेबल. लहान मुलांची खेळणीही व्हायची तिथे, पण नाव झालं होतं ते कोड्यांमुळे. एखादं मोठं चित्र पातळ फळीवर चिकटवायचं आणि त्याचे शेकडो तुकडे करायचे, असे की प्रत्येक तुकडा फक्त आपल्याच शेजाऱ्यात अडकेल. मग लोकांनी ते विकत न्यायचे आणि घरी परत जोडत बसायचं. चांगल्या जिवाला हा घोर कशाला, असं कुणालाही वाटेल, पण त्यालाही गिऱ्हाईक होतं आणि ते हौशी होतं.

बाकीचे कारागीर फळीवर आधी पेन्सिलीनं रेघा मारून घेत. कोडेबाईंनी जन्मात कधी रेघ मारली नाही. करवतीचं बारीक पातं जागच्या जागी खालीवर होत राहायचं आणि बाई दोन्ही हातांनी फळी त्याच्याखाली फिरवायच्या. हात वळेल तशी रेघ. कापता कापता तुकड्यांमधून मधेच एखादी किटली निघायची, एखादं बदक, टोपी घातलेला म्हातारा, नाहीतर एकटीच पडलेली चप्पल. कोडं जोडणारी माणसं त्या किटल्या आणि बदकं शोधायची आणि सापडली की घरातल्यांना हाका मारून दाखवायची. ‘बाई, पुढचा तुकडा कसला?’ असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, ‘मला काय विचारता? निघाला की बघू.’

आणि हे सगळं चालू असताना तोंडाचा पट्टा सुरू. शेजारी पॉलिशवाली बसायची, कापलेल्या तुकड्यांच्या कडा घासायला. दोघी एका वयाच्या, दोघींना जगाची उठाठेव. कुणाची सून कुणाला काय बोलली, कुठला डॉक्टर उगाच गोळ्या देतो, समोरच्या गल्लीतल्या शिक्षकानं मिशी का काढली. हात एकीकडे, जीभ एकीकडे, आणि दोन्ही जोरात. मालकांना वाटलं, या बडबडीत एखाद्या दिवशी बोट जायचं. म्हणून त्यांनी बाईंचं यंत्र उचलून पार मागच्या भिंतीशी नेऊन ठेवलं, एकटं. त्या आठवड्यात बाईंच्या हातून जे तुकडे निघाले ते विटांसारखे चौकोनी होते, आणि पाती तर कटाकट तुटली. मालक निमूटपणे यंत्र परत घेऊन आले. ‘बोला, बाई,’ ते हात जोडून म्हणाले, ‘तुम्हाला मी बोलण्याचाच पगार देतो असं समजेन.’

असं का होतं, याचा विचार बाईंनी कधी केला नव्हता. डोकं दुसरीकडे गुंतलं की हात मोकळा होतो, इतकंच त्यांना कळत होतं, आणि तेही शब्दांत नाही.

घरी मात्र या बाई जवळजवळ मुक्या होत्या. कारखान्यातल्या कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. नवरा आजारपणात गेला तेव्हा लेक लहान होती, आणि घरात त्या दोघीच. शाळेत एकदा पालकांची सभा होती. निघताना लेकीनं आईच्या केसांतला भुसा झटकला आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘आई, तू तिथे जास्त बोलू नकोस हं.’ मुलगी वाईट नव्हती. त्या वयात आईबापांचं काहीही खटकतं, कुणाला चालणं, कुणाला हसणं. पण बाईंच्या ते काळजाला लागलं. त्या सभेत तर बोलल्या नाहीतच, पुढे घरीही जपूनच बोलायला लागल्या. लेकीला वाटायचं, आई दमून येते. आईला वाटायचं, लेकीला आवडत नाही. अशी वर्षं गेली. लेक हुशार निघाली, मोठ्या विद्यापीठात गेली, वसतिगृहात राहिली. सुट्टीला यायची, जेवायची, झोपायची, जायची. कोडेबाईंना या जगाकडून एकच गोष्ट हवी होती. लेकीनं शेजारी येऊन बसावं आणि आपल्याला काहीतरी विचारावं.

लेक ज्याचा अभ्यास करत होती ते ऐकलं तर हसू येईल. माणूस एखादी गोष्ट ठरवतो म्हणजे त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं, आणि नवं काही सुचतं ते कुठून, याचा अभ्यास. विद्यार्थ्यांना खोलीत बसवून तिनं खूप प्रयोग केले, आणि एकाचंही धड काही निघालं नाही. तिचे सर म्हणाले, असंच चाललं तर विषय सोडून द्या. ती घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. दुसऱ्या दिवशी बाई डबा विसरून कामावर गेल्या, म्हणून लेक तो द्यायला कारखान्यात आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आत आली होती.

बाईंची पाठ दाराकडे होती. तोंडानं शिक्षकाच्या मिशीचा पंचनामा चालला होता आणि हाताखालून एक मासा निघत होता, शेपटीपासून सुरू झालेला. लेक डबा हातात धरून तशीच उभी राहिली. मासा पूर्ण होऊन फळीतून खाली पडला तेव्हा ती पुढे आली.

‘आई, हे तू ठरवतेस कधी?’

बाईंनी मान वळवून पाहिलं. लेकीचे डोळे चमकत होते. असे डोळे करून तिनं आईकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, ते बाईंना आठवेना.

मग दर रविवारी दोघी कारखान्यात जायला लागल्या. मालकांनी आनंदानं किल्ली दिली. लेकीनं एक कॅमेरा बाईंच्या हातांवर लावला, एक तोंडावर, आणि पदराशी छोटा माइक अडकवला. पॉलिशवालीही हौसेनं आली होती, पण लेक म्हणाली, ‘मावशी, तुम्ही नको. आवाज मिसळतो.’ मग आईला म्हणाली, ‘आणि आई, दुसऱ्या गप्पा नकोत हं. फक्त कामाबद्दल बोलायचं. मी विचारेन तेव्हा सांगायचं.’ बाईंनी मान डोलावली. लेक स्टूल ओढून अगदी शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

‘इथे डावीकडे का वळलीस?’

‘काय माहीत गं.’

‘आणि इथे हा तुकडा एवढा बारीक का केलास?’

‘झाला तसा.’

असं चारदा झालं, पाचदा झालं. लेकीनं कॅमेरा बंद केला आणि हातावर हनुवटी टेकून बसली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ‘आठवून बघ ना, आई,’ ती म्हणाली. ‘काहीतरी कारण असेलच. नाहीतर माझं हे पण संपलं.’

बाईंना ते तोंड बघवेना. कॅमेरा पुन्हा सुरू झाला, पुन्हा तोच प्रश्न आला, आणि बाई म्हणाल्या, ‘तिथे आभाळाचा रंग बदलतो ना, म्हणून वळले.’

लेक ताठ बसली. ‘अच्छा! म्हणजे तू रंगाकडे बघत असतेस!’

‘हो,’ बाई म्हणाल्या. ‘रंगाकडे बघूनच.’

हे धादांत खोटं होतं असंही म्हणवत नाही. रंग तिथे बदलत होता, हात तिथे वळला होता. फक्त या दोन गोष्टींची गाठ बाईंनी आत्ता मारली होती, मागून. आपणही दिवसभर हेच करतो. आधी करून बसतो आणि कुणी विचारलं की कारण जुळवतो, आणि ते जुळलं की आपल्यालाच पटतं. बाईंनाही निम्मं पटलं. पटलं नसतं तर पुढचं सगळं कदाचित टळलं असतं.

कारणं वाढत गेली. मोठ्या तुकड्याच्या शेजारी लहान घ्यायचा, म्हणजे नजर थकत नाही. बदक करायचं तर आधी चोच. माणसाच्या चेहऱ्यावरून कधी पातं न्यायचं नाही. रविवारी उत्तरं कमी पडू नयेत म्हणून बाई आठवडाभर कारणं शोधून ठेवायला लागल्या, भाजी चिरताना, बसची वाट बघताना. लेकीला प्रत्येक कारणाचा आनंद. ती थर्मासमधून चहा आणायची, आईला आधी द्यायची. काम संपलं की आईच्या केसांतला भुसा बोटांनी हलके हलके काढायची आणि काढता काढता विचारत राहायची. ‘लहानपणी तू चित्रं काढायचीस का गं? तुला स्वप्नं रंगीत पडतात का?’ बाईंच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. त्या दिवसांची किंमत त्या वेळी कुणी सांगितली असती, तरी बाईंनी ती मोजली असती, यात मला शंका नाही.

पण कुणी सांगितली नाही. ती एका सोमवारी कळली.

पॉलिशवाली काहीतरी रंगवून सांगत होती आणि बाई फळी फिरवत होत्या. मधेच बाईंच्या डोक्यात आलं, आता रंग बदलतोय, इथे वळायला हवं. हात वळायला लागला होता दुसरीकडे. तो थबकला. क्षणभरच, पण पातं एकाच जागी घासत राहिलं की लाकूड जळतं. कडेवर काळा ठिपका उमटला. बाईंनी तो बोटानं पुसून पाहिला. जळलेलं पुसून जात नाही.

दुसऱ्या दिवशी तसे ठिपके जास्त झाले. मग रोजच. प्रत्येक वळणावर कारण आधी येऊन उभं राहायचं आणि हात त्याची परवानगी मागायचा. मोठ्याशेजारी लहान झाला का? आधी चोच घेतली का? पाती तुटायला लागली.

‘अगं, बोलत का नाहीस तू?’ पॉलिशवालीनं विचारलं.

‘बोलतेय की.’

‘कुठे? मघापासून मी एकटीच बोलतेय.’

पॉलिशवालीनं फार केलं. मुद्दाम भांडणं उकरून काढली, खोट्या बातम्या आणल्या, एकदा तर मालकांच्या बायकोबद्दल असं काही सांगितलं की एरवी कोडेबाई महिनाभर हसल्या असत्या. बाई हसल्याही, पण हसण्यासाठी त्यांना हात थांबवावा लागला. काळे ठिपके पॉलिशवाली गुपचूप घासून काढायची. पण लाकूड किती घासणार? घासलं की तुकडा सैल होतो, सैल तुकडा चित्रात टिकत नाही. तक्रारी यायला लागल्या.

एक दिवस बाईंनी ठरवून बदक कापलं. आधी चोच, मग मान, मग शेपूट. हातात घेऊन पाहिलं. ते अगदी बदकासारखं बदक होतं, बालवाडीच्या भिंतीवर असतं तसं, आणि त्यात जीव नव्हता. बाईंनी ते तुकड्यांत टाकलं आणि यंत्र बंद करून बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना रडू येत होतं, पण कशासाठी रडतोय हे सांगायचं कुणाला?

मालक चांगला माणूस होता. त्यांनी काही विचारलं नाही, सुनावलं नाही. ‘बाई, पॅकिंगला माणूस कमी पडतोय,’ एवढंच म्हणाले, आणि म्हणताना बाईंकडे बघितलं नाही. बाई शेवटच्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. त्यांच्या यंत्रावर नवा कारागीर आला. तो पेन्सिलीनं रेघा मारून कापायचा, आणि ठीक कापायचा.

लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे बाईंनी कारण न शोधता ठरवलं. रविवार तोवर संपले होते. लेक विद्यापीठात जाऊन लिहीत बसली होती, अधूनमधून फोन करायची. ‘आई, सर खूप खूश आहेत. तुझ्या त्या रंगाच्या गोष्टीवर एक अख्खं प्रकरण झालंय.’ बाई म्हणायच्या, ‘छान झालं गं,’ आणि मनापासून म्हणायच्या.

लेकीचा प्रबंध पास झाला, नुसता पास नाही, गाजला. दूरच्या शहरात तिला शिकवायची नोकरी मिळाली. ती मोठा केक घेऊन थेट कारखान्यात आली, सगळ्यांना वाटायला. आईच्या यंत्रापाशी गेली तर तिथे भलताच माणूस. आई खिडकीपाशी खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

‘डोळे अधू झालेत गं,’ बाई घाईघाईनं म्हणाल्या. ‘वय झालं. चालायचंच.’

पॉलिशवालीनं मान खाली घातली आणि उगाचच घासलेले तुकडे पुन्हा घासायला घेतले.

लेक दुसऱ्याच दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब टाकले, दिवे मारले. म्हणाले, ‘या वयाला इतके चांगले डोळे मी कमी पाहिलेत. बारीकसारीक काहीही करा, अडचण नाही.’ बाईंना आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या बातमीनं घाम फुटला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. लेक त्यावर बसली, आईला बसवलं.

‘आई, डोळे चांगले आहेत तुझे.’

‘असतील.’

‘मग हात थरथरतो? दुखतो?’

‘नाही.’

लेक याच गोष्टीचा अभ्यास करत होती, आणि बुद्धीनं कमी नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेली, ते बाई बघत होत्या आणि थांबवू शकत नव्हत्या.

‘त्या रविवारांनंतर झालं का हे?’

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘तू विचारत होतीस आणि मला उत्तर येत नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘तुझं तोंड उतरलं. मग मी लावलं काहीतरी मागून. पुढे ते डोक्यात बसलं. आता हात काही करायला गेला की तेच मधे येतं.’

‘रंगाचं? ते पण?’

‘ते पण.’

‘सगळंच?’

‘सगळंच नाही गं.’ बाईंनी गुंडाळलेला पदर सोडला. ‘सगळंच.’

लेकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. समोरून पट्टी बांधलेला एक म्हातारा गेला, त्याच्यामागे त्याची सून. दोघं या मायलेकींकडे बघत गेले. डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलं असणार, असं त्यांना वाटलं असेल.

‘मी उद्याच सरांना लिहिते,’ लेक म्हणाली. ‘प्रबंध परत घेते. खोटा आहे तो.’

बाई गर्रकन वळल्या. लेकीवर त्या कधी ओरडल्या नव्हत्या. आत्ताही ओरडल्या नाहीत, पण आवाजाला अशी धार आली की लेक दचकली. ‘खबरदार! हात गेला तो गेला. तू ते परत घेतलंस, तर तो फुकट गेला. मग माझ्याकडे काय राहिलं?’

‘पण आई, ते खरं नाहीये.’

‘नसेना का! मी तुला आवडीनं दिलंय ते.’

लेक डोळे पुसत म्हणाली, ‘मी विचारायलाच नको होतं तुला.’ बाईंना म्हणायचं होतं, असं म्हणू नकोस, तेवढंच तर हवं होतं मला. पण इतकी वर्षं घरात न बोलण्याची सवय, ती ऐन वेळी आडवी आली. दोघी उठल्या आणि रिक्षा करून घरी आल्या.

प्रबंध परत घेतला गेला नाही. लेक नोकरीवर गेली, शिकवायला लागली. त्या प्रकरणावर ती कुठे बोलत नाही म्हणे, कुणी विषय काढला तर बदलते. फोन मात्र न चुकता करते. औषध वेळेवर घे म्हणते, पाऊस आहे, छत्री ने म्हणते. सगळं सांगते, विचारत काही नाही. जेवण झालं का, एवढंसुद्धा नाही. ‘जेवली असशील,’ म्हणते. हाताबद्दल तर शब्द नाही. तिनं ठरवून टाकलंय की आपण प्रश्न विचारला की माणसाचं काहीतरी मोडतं, आणि ते तिच्या डोक्यातून कुणी काढू शकत नाही, तिचं एवढं शिक्षणसुद्धा नाही.

मागच्या सुट्टीत ती आली होती. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. लेक येऊन दाराच्या चौकटीला टेकली आणि आईच्या हातांकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, मग मिटले.

‘काय गं?’ बाईंनी विचारलं.

‘काही नाही.’

‘विचार ना,’ बाई म्हणाल्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि हात पुसले. ‘काहीही विचार. या वेळी नाही आलं तर नाही येत म्हणून सांगेन. खरंच सांगते.’

लेकीनं खाली बघितलं. ‘नको, आई,’ ती म्हणाली आणि फडकं घेऊन धुतलेली भांडी पुसायला लागली.